तापात काढलेला कार्डिओग्राम काय सांगतो?

पावसाळा जोरात सुरू झाला की मुंबईच्या उपनगरांतील दवाखान्यांची बाके तापाच्या रुग्णांनी भरून जातात. अंधेरी असो, बोरिवली असो, मुलुंड असो की मी जिथे प्रॅक्टिस करतो ते घाटकोपर असो, चित्र सारखेच. कोणाला डेंग्यू, कोणाला फ्लू, कोणाला चिकुनगुनिया, आणि २०२० पासून त्यात कोविडची भर. हे सारे विषाणूंमुळे येणारे ताप. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी घरांतील मुले, सुना, भाऊ, पुतणे नोकरीधंद्यासाठी याच उपनगरांत राहतात. त्यामुळे गावाकडच्या वडीलधाऱ्यांचे फोन मला नेहमी येतात. त्यातला एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, आमच्या पोराला साधा ताप होता. तिथल्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तर त्यात म्हणे बिघाड आहे. म्हणजे ॲटॅक आला का हो?"

कधी याच्या अगदी उलट विचारणा होते. "ताप उतरला, पण छातीत भरून येतं. कार्डिओग्राम काढला, तो नॉर्मल आला. मग आता काळजी नाही ना?"

दोन्ही प्रश्नांचे उत्तर "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात देता येत नाही. कार्डिओग्राम हा न्यायाधीशाचा निकाल नव्हे. तो एका साक्षीदाराचा जबाब आहे. साक्षीदार खरे बोलतो, पण त्याला दिसले तेवढेच सांगतो. हा जबाब कसा वाचायचा, हे थोडे समजून घेतले तर घरच्यांची उगाच होणारी घबराटही टळते आणि जीव घेणारी बेफिकिरीही टळते.

कागदावरच्या रेघा कशाच्या?

हृदयाचा प्रत्येक ठोका एका सूक्ष्म विजेच्या लहरीने सुरू होतो. ही लहर हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत उतरते आणि मग स्नायू आकुंचन पावतो. या लहरीचा आलेख म्हणजे कार्डिओग्राम, ज्याला डॉक्टर ईसीजी म्हणतात. नेदरलँड्समधील लायडनच्या विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे तंत्र सिद्ध केले आणि १९२४ साली त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी रुग्णाला हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. आज हातापायांना चार आणि छातीवर सहा अशा दहा तारा लावतात आणि त्यांतून हृदयाकडे बारा बाजूंनी पाहता येते. पाच मिनिटांचे काम. सुई नाही, शॉक नाही, दुखणे नाही.

कागदावर बारीक चौकोन असतात. नेहमीच्या वेगाने कागद सरकत असेल तर एक छोटा चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच छोट्या चौकोनांचा एक मोठा चौकोन म्हणजे ०.२ सेकंद. दोन उंच टोकांच्या मध्ये किती मोठे चौकोन आहेत ते मोजा आणि ३०० ला त्या संख्येने भागा. ठोके नियमित असतील तर मिनिटाला किती ठोके पडतात ते कळते. चार चौकोन असतील तर ७५. तीन असतील तर १००. सहा असतील तर ५०.

प्रत्येक ठोक्यात आधी एक छोटी टेकडी दिसते. ती वरच्या कप्प्यांची. मग उंच सुळका. तो खालच्या कप्प्यांचा. शेवटी पुन्हा एक टेकडी; ती खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी तयार होत असल्याची. डॉक्टर या तिन्हींची उंची, रुंदी आणि मधली अंतरे पाहतात.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. हा आलेख फक्त विजेचा आहे. रक्तवाहिनीत गुठळी आहे का, हृदयाचा पंप किती जोराने चालतो, हे त्यात थेट दिसत नाही. त्याचा अंदाज बांधावा लागतो. पंप पाहण्यासाठी हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी एको, लागते. स्नायूला इजा झाली आहे का ते पाहण्यासाठी ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी लागते.

तापाचा विषाणू हृदयापर्यंत कसा पोचतो?

याच्या पाच वाटा आहेत.

पहिली वाट अगदी साधी. ताप चढला की नाडी जलद होते, शरीराला प्राणवायू जास्त लागतो. त्यातच न्यूमोनिया झाला तर रक्तातला प्राणवायू कमी होतो. म्हणजे काम वाढले आणि रसद घटली. आधीच अशक्त असलेले हृदय इथे दमते.

दुसरी वाट म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. हिला मायोकार्डायटिस म्हणतात. कॉक्सॅकी, ॲडिनो, फ्लू, डेंग्यू, चिकुनगुनिया, कोविड अशा अनेक विषाणूंनी ती येऊ शकते. कधी विषाणू स्वतः स्नायूत शिरतो. कधी विषाणूशी लढायला निघालेली आपलीच प्रतिकारशक्ती घरातल्या माणसांवरही काठी चालवते. हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज आली तर तिला पेरिकार्डायटिस म्हणतात. त्यात आडवे झाले की छाती जास्त दुखते आणि पुढे वाकून बसले की बरे वाटते.

तिसरी वाट रक्ताच्या गुठळीची. संसर्गाच्या काळात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि रक्तवाहिनीत आधीच साचलेला चरबीचा थर फुटू शकतो. मग खराखुरा हार्ट ॲटॅक येतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तपासणीत फ्लू सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच माणसांच्या एरवीच्या काळापेक्षा सुमारे सहापट आढळले. "साधा फ्लू" हा शब्द मधुमेही आणि हृदयरुग्णांच्या बाबतीत जपून वापरावा, तो यासाठी.

चौथी वाट क्षारांची. उलट्या आणि जुलाब झाले की शरीरातले पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी होते. हृदयातली वीज या क्षारांवरच चालते. पाचवी वाट आपण स्वतः उघडतो, ती औषधांची. तिच्याविषयी पुढे सविस्तर लिहितो.

कोणते बदल दिसतात?

तापात सर्वात जास्त दिसतो तो फक्त नाडीचा वाढलेला वेग. हा बिघाड नव्हे. ताप उतरला की तोही उतरतो. त्यानंतर दिसतात शेवटच्या टेकडीचे बदल: ती चपटी होते किंवा उलटी होते. यंत्र अशा वेळी कागदाच्या डोक्यावर "नॉन-स्पेसिफिक एसटी-टी चेंजेस" असे छापून टाकते आणि घरच्यांची झोप उडते. या शब्दांचा अर्थ एवढाच की बदल आहे, पण तो अमुक एका आजाराचा म्हणून सांगता येत नाही. ताप, क्षार, औषध, जुना रक्तदाब, कशानेही तो दिसू शकतो. काही निरोगी स्त्रियांमध्ये छातीवरच्या पहिल्या काही तारांत ही टेकडी जन्मभर उलटीच असते. यंत्राने छापलेले वाक्य ही यंत्राची सूचना आहे, निदान नव्हे. कागद डॉक्टरांनी स्वतः वाचायला हवा.

काही बदल मात्र गंभीर समजावेत. वरच्या कप्प्याकडून खालच्या कप्प्याकडे लहर पोचायला उशीर होणे किंवा मध्येच ती अडणे. त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीतल्या ब्लॉकेजशी याचा गोंधळ करू नये. हा विजेच्या वाटेतला अडथळा आहे. नाडी पूर्ण अनियमित होणे. खालच्या कप्प्यांतून भलतेच ठोके ओळीने येणे. सुळका रुंद होणे. आणि सुळका संपल्यावरची रेघ वर उचलली जाणे, म्हणजे डॉक्टर ज्याला एसटी एलिव्हेशन म्हणतात ते. हा शेवटचा बदल हार्ट ॲटॅकमध्ये दिसतो आणि मायोकार्डायटिसमध्येही दिसतो. खरी कसोटी इथेच लागते.

डेंग्यूतला कागद आणि ॲस्पिरिनची गोळी

डेंग्यूचा ताप उतरल्यावर, म्हणजे साधारण पाचव्या-सहाव्या दिवसानंतर, अनेक रुग्णांची नाडी मंद होते. कॉलेजात जाणारा एक मुलगा माझ्याकडे असाच आला होता. प्लेटलेट वाढू लागल्या होत्या, भूक लागू लागली होती, पण नाडी ४६. आई घाबरलेली. कार्डिओग्राममध्ये लहरींचा क्रम नीट होता, रक्तदाब चांगला होता, चक्कर नव्हती. त्याला फक्त विश्रांती सांगितली, दोन दिवसांनी पुन्हा कागद काढला, आठवड्यात नाडी सत्तरीवर आली. डेंग्यूतून उठताना दिसणारी ही मंद नाडी बहुतेक वेळा आपोआप सुधारते. चक्कर, बेशुद्धी किंवा हार्ट ब्लॉक असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रुग्णालयात देखरेख लागते.

खरा धोका दुसरीकडे आहे. डेंग्यूच्या रुग्णाच्या छातीत दुखले, कागदावर बदल दिसला आणि कोणी घाईने "ॲटॅक" समजून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले, तर? हार्ट ॲटॅकमध्ये हीच औषधे जीव वाचवतात. पण डेंग्यूत प्लेटलेट घसरलेल्या असतात आणि रक्तवाहिन्या पाझरत असतात. तिथे ही औषधे जीवघेणा रक्तस्राव घडवू शकतात. म्हणून छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन जाताना "चार दिवसांपासून ताप आहे" हे वाक्य डॉक्टरांना सर्वात आधी सांगा. प्लेटलेटचा रिपोर्ट हातात ठेवा. शेजाऱ्याने दिलेली ॲस्पिरिनची गोळी तापाच्या रुग्णाला परस्पर देऊ नका. डेंग्यूच्या साथीत तापासाठी पॅरासिटामॉल एवढेच. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक हीदेखील टाळावीत.

आणखी एक. डेंग्यूत सलाइन उपयोगी पडते, पण मोजून. हृदयाचा स्नायू सुजलेला असेल तर "अशक्तपणा आहे, दोन बाटल्या चढवा" हा घरच्यांचा आग्रह फुप्फुसात पाणी भरायला कारण होऊ शकतो. किती सलाइन द्यायचे ते डॉक्टरांवर सोडावे.

कोविडने काय शिकवले?

मुंबईत कोविडचे पहिले रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळले. पुढल्या काही महिन्यांत उपनगरांचे रूपच पालटले. अंधेरीच्या मरोळमधील सेव्हन हिल्स रुग्णालय कोविडसाठी राखले गेले. गोरेगावच्या नेस्को मैदानावर, मुलुंडला आणि दहिसरला मोठी तात्पुरती उपचार केंद्रे उभी राहिली. साथ ओसरल्यावर ती बंद झाली, पण त्या काळाने हृदयाविषयी शिकवलेले धडे कामाचे आहेत.

सुरुवातीला आपण कोविडला फुप्फुसाचाच आजार समजत होतो. २०२० च्या फेब्रुवारीत चीनमधील वुहानच्या एका रुग्णालयाचा अहवाल आला. दाखल झालेल्या १३८ रुग्णांपैकी २३ जणांच्या ठोक्यांची लय बिघडली होती. अतिदक्षता विभागातील ३६ पैकी १६ जणांत हा बिघाड होता. बाकीच्या १०२ जणांत फक्त सात. म्हणजे आजार जितका गंभीर, तितकी लय बिघडण्याची शक्यता जास्त.

मार्चमध्ये वुहानमधूनच दुसरा अहवाल आला. त्यात १८७ रुग्णांचे ट्रोपोनिन तपासले होते. आधी हृदयाचा आजार किंवा रक्तदाब नाही आणि ट्रोपोनिनही नॉर्मल, अशांपैकी शंभरात सुमारे आठ दगावले. आजार जुना आहे पण ट्रोपोनिन नॉर्मल, अशांपैकी शंभरात तेरा. आधी कसलाही हृदयविकार नव्हता पण आता ट्रोपोनिन वाढले, अशांपैकी शंभरात सदतीस-अडतीस. आणि दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्यांपैकी शंभरात एकोणसत्तर. हे आकडे लस येण्यापूर्वीचे आणि रुग्णालयात दाखल झालेल्यांचे आहेत; घरी बऱ्या झालेल्या असंख्य लोकांना ते लागू नाहीत. पण त्यांचा अर्थ स्पष्ट आहे. जुन्या दुखण्यापेक्षाही या तापात हृदयाला आत्ता घाव बसला आहे की नाही, हे अधिक महत्त्वाचे.

तिसरा अहवाल न्यूयॉर्कचा, एप्रिल २०२० मधला. कोविडच्या १८ रुग्णांच्या कागदावर ती रेघ वर उचललेली होती, म्हणजे चित्र हार्ट ॲटॅकचे. शेवटी आठ जणांना हार्ट ॲटॅकच होता असे निदान झाले. दहा जणांना तो नव्हता. त्या आठांपैकी चार दगावले. आणि ज्यांना "ॲटॅक नाही" असे ठरले त्या दहांपैकी नऊ. तेव्हा "ॲटॅक नाही ना, मग सुटलो" असे म्हणून चालत नाही. स्नायूची सूज, प्राणवायूची कमतरता, फुप्फुसातली गुठळी हेही तितकेच घातक असू शकते.

याची दुसरी बाजूही मी पाहिली. साठीकडे आलेले एक गृहस्थ, मधुमेह जुना, कोविड होऊन घरीच विलगीकरणात. छातीत जडपणा आणि घाम दोन दिवस होता. घरचे म्हणत राहिले, "कोविडचा अशक्तपणा आहे, काढा घ्या." फोनवर हकिगत कळताच त्यांना रुग्णालयात धाडले, कागदावर हार्ट ॲटॅक स्पष्ट दिसत होता. जीव वाचला, पण गेलेल्या दोन दिवसांत हृदयाचा बराच भाग निकामी झाला. टाळेबंदीत रुग्णालयाच्या भीतीने असे अनेक रुग्ण उशिरा पोचले. तापात घाम येतो हे खरे, पण छातीत जडपणा आणि घाम एकत्र आले तर ते तापाच्या खात्यावर टाकू नये.

औषधांमुळे बिघडणारा कागद

सुळक्याच्या आरंभापासून शेवटच्या टेकडीच्या अखेरीपर्यंतच्या अंतराला क्यूटी म्हणतात. नाडीच्या वेगाप्रमाणे हिशेब करून ते साधारण पुरुषांत ०.४५ आणि स्त्रियांत ०.४६ सेकंदांच्या आत असावे. ते ०.५० च्या पुढे गेले तर एक विशिष्ट प्रकारची लय सुरू होऊन माणूस चालता-बोलता कोसळू शकतो.

२०२० मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरिया-संधिवाताच्या गोळीचा मोठा बोलबाला झाला. २३ मार्च २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने ती आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि रुग्णांच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून सुचवली. लोक ती दुकानातून परस्पर घेऊ लागले, काही जण अॅझिथ्रोमायसिनबरोबर. दोन्ही औषधे क्यूटी लांबवणारी. २२ मे २०२० च्या सुधारित सूचनेत, गोळी देण्यापूर्वी कार्डिओग्राम काढून क्यूटी पाहता येईल, असा उल्लेख आला. पुढे इंग्लंडमधील मोठ्या चाचणीत रुग्णालयातील १,५६१ जणांना ती गोळी दिली आणि ३,१५५ जणांना दिली नाही. २८ दिवसांत मृत्यूचे प्रमाण अनुक्रमे २७ आणि २५ टक्के. उपयोग शून्य. ज्यांना संधिवातासाठी ही गोळी चालू आहे त्यांनी मात्र ती मनाने बंद करू नये. त्या आजारात ती गुणकारी आहे.

कोविडची लाट गेली, पण सवय राहिली. आजही ताप आला की दुकानातून अॅझिथ्रोमायसिन, उलटी होते म्हणून ऑन्डानसेट्रॉन, पोट बिघडले म्हणून डॉमपेरिडोन किंवा सिप्रोफ्लॉक्सॅसिन अशा पुड्या बांधून मिळतात. यातले प्रत्येक औषध योग्य जागी चांगलेच. पण ही सारी क्यूटी लांबवू शकतात, आणि उलट्या-जुलाबांनी पोटॅशियम उतरलेल्या माणसाला ती एकत्र दिली तर धोका वाढतो. विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग नसतो, हे तर वेगळेच. चिठ्ठीशिवाय अशी औषधे घेऊ नका. घरात कोणाला तरुणपणी अचानक मृत्यू आला असेल, किंवा आपल्याला हृदयाच्या लयीसाठी औषध चालू असेल, तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगा.

कागद बिघडलेल्यांचे पुढे काय होते?

बहुसंख्य लोक पूर्ण बरे होतात. तापातले साधे बदल काही दिवसांत ते काही आठवड्यांत पुसले जातात. म्हणून एकच कागद पाहून थांबू नये. रुग्णालयात लक्षणे असताना काही तासांनी तो पुन्हा काढतात, आणि बरे झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी आणखी एकदा. पहिला कागद नॉर्मल असूनही छातीत दुखत असेल तर दुसरा काढलाच पाहिजे, कारण हार्ट ॲटॅकच्या सुरुवातीला कागद कोरा निघू शकतो.

मायोकार्डायटिस झालेल्यांपैकीही बरेच जण बरे होतात. काहींच्या स्नायूवर व्रण राहतो. काहींचे हृदय हळूहळू फुगते आणि पंप कमजोर होतो. त्यांना वर्षानुवर्षे औषधे लागतात, पण नियमित औषधांवर त्यातले अनेक जण चांगले आयुष्य जगतात. काहींच्या बाबतीत लय अचानक बिघडते, आणि सुजलेल्या हृदयावर जोराचा व्यायाम हे त्याचे एक प्रमुख कारण. म्हणून मायोकार्डायटिस सिद्ध झालेल्या तरुणाने साधारणपणे तीन ते सहा महिने कबड्डी, जिम, धावण्याच्या शर्यती, गडचढाई बंद ठेवावी आणि तपासणीनंतरच पुन्हा सुरुवात करावी. गणपतीच्या मिरवणुकीत तासन् तास नाचणे हाही जोराचा व्यायामच आहे.

कार्डिओग्राम कोणी काढावा?

प्रत्येक तापाला कार्डिओग्राम नको. दोन-तीन दिवसांत उतरणारा ताप असलेल्या तरुण, ठणठणीत माणसाला त्याची गरज नाही. पुढील लक्षणे असतील तर मात्र त्याच दिवशी काढावा:

– छातीत दुखणे, जडपणा, किंवा दुखणे हाताकडे, जबड्याकडे जाणे;
– बसल्या जागी धाप लागणे, उताणे झोपता न येणे;
– चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येणे, बेशुद्ध पडणे;
– धडधड, ठोके चुकल्यासारखे वाटणे;
– ताप उतरल्यावरही नाडी विश्रांतीत १०० च्या वर राहणे, किंवा ५० च्या खाली जाणे;
– साठीच्या पुढचे वय, मधुमेह, रक्तदाब किंवा जुना हृदयविकार असून ताप जोराचा असणे.

लहान मुले छातीत दुखते असे सांगत नाहीत. तापानंतर मूल भराभर श्वास घेत असेल, सारखी उलटी करत असेल, पोट दुखते म्हणत असेल, हातपाय गार आणि चेहरा पांढुरका दिसत असेल, तर "पोट बिघडलं" म्हणून थांबू नका.

ताप बरा झाल्यावरचे दोन-तीन आठवडेही लक्ष ठेवण्याचे. घाटकोपर स्टेशनचा जो जिना महिन्यापूर्वी एका दमात चढत होता, तो आता निम्म्यावर थांबून चढावा लागतो, पायांवर सूज येते, रात्री उठून बसावे लागते; अशा माणसाने अशक्तपणाचे टॉनिक न घेता डॉक्टरांना गाठावे. आपल्या गावी हीच परीक्षा विहिरीच्या पायऱ्यांवर किंवा देवळाच्या चढावर होते.

घरच्यांसाठी चार गोष्टी

पहिली, जुना कार्डिओग्राम जपून ठेवा. आजचा बदल नवा की दहा वर्षांपूर्वीचा, हे जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. हा कागद उष्णतेने छापलेला असतो. काही वर्षांत तो पुसट होतो. त्याची झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर फोटो घ्या. लॅमिनेशन करू नका, उष्णतेने सगळा कागद काळा पडेल.

दुसरी, नाडी मोजायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. फोनवर "नाडी ४८ आहे, अनियमित आहे" एवढे सांगितले तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते.

तिसरी, छातीत जडपणा, धाप किंवा बेशुद्धी असेल तर रिक्षा शोधत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि तिचे पैसे पडत नाहीत. मुंबईत राजावाडी, कूपर, भगवती अशी पालिकेची रुग्णालये आहेत. गावाकडे ग्रामीण रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय आहे. जवळच्या ठिकाणी कागद काढून त्याचा फोटो मोठ्या डॉक्टरांना पाठवणे आज सहज शक्य आहे. कागदासाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

चौथी, वयस्कर, मधुमेही आणि हृदयरुग्णांनी फ्लूची लस दरवर्षी घेण्याविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. घरातल्या पाण्याच्या टाक्या आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. डेंग्यूचा डास तिथेच वाढतो.

आता फोनवरच्या त्या दोन प्रश्नांकडे वळू. कागद बिघडला म्हणजे ॲटॅकच, असे नाही. पण तो का बिघडला हे ठरेपर्यंत रुग्णाला नजरेआड करू नये. कागद नॉर्मल आला म्हणजे काळजी संपली, असेही नाही. लक्षण टिकून असेल तर कागद पुन्हा काढावा, ट्रोपोनिन करावे, एको करावा. रुग्ण काय सांगतो ते आधी ऐकावे, त्याची नाडी, रक्तदाब, प्राणवायू पाहावा आणि मग कागद हातात घ्यावा. या क्रमाने गेले तर तापात होणारी हृदयाची बरीच नुकसानी टाळता येते.